फुगेवाल्याचा टेक्नो

त्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं, तर ‘माझं नाव वापरायला तुला कोणी सांगितलं?’ म्हणून तो चिडेल. नाही लिहिलं, तर ‘नाव घ्यायची लाज वाटली काय?’ म्हणून चिडेल. दोन्हीकडून चिडणारच आहे, तर निदान माझे टाइप करायचे कष्ट तरी वाचू देत.

राग हा त्याचा स्वभाव नव्हता, व्यवसाय होता. फुग्याच्या कारखान्यात मशीनवर उभं राहणं हा त्याचा जोडधंदा. सकाळचा पहिला राग कोंबड्यावर, कारण तो कधीच एका अंतराने आरवत नाही. दुसरा चहावर. मग सायवनहून डहाणूला येईपर्यंत एसटीतला प्रत्येक खिळखिळा पत्रा त्याच्या शिव्या खायचा. आणि उरलेला राग तो माझ्या दुकानात आणून ओतायचा, कारण माझं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर होतं आणि मी उलटून बोलत नसे. उलटून बोलायला समोरच्याचं चुकलंय असं वाटावं लागतं. त्याच्यासमोर मला कायम आपलंच चुकलंय असं वाटायचं, आणि पुढं कळायचं की खरंच चुकलेलं असायचं. त्यामुळे आणखी राग यायचा, तो मी घरी जाऊन डाळीवर काढायचो.

तर आम्ही दोघांनी मिळून एक अल्बम केला. टेक्नो आणि ट्रान्सचा. हे वाक्य मी डहाणूच्या बाजारात ज्याला ज्याला सांगितलं त्याने त्याने विचारलं, “म्हणजे डीजे ना?” हे त्याच्या कानावर पडलं की तो फिरायचा. “डीजे नाय! डीजे दुसऱ्याचं वाजवतो. आम्ही आमचं बनवतो.” मग समोरचा माणूस मान डोलवून म्हणायचा, “तेच ते. हळदीला किती घेता?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेक्नो म्हणजे एक ठोका, जो थकत नाही. त्याच्या आजूबाजूला खटखट, घरघर, फुसफुस असे आवाज येत-जात राहतात, पण ठोका हलत नाही. ट्रान्स म्हणजे तोच ठोका, त्याच्यावर लांबलचक सुरांचा धूर. ऐकता ऐकता माणसाने स्वतःला विसरावं अशी अपेक्षा. मी स्वतःला कधी विसरू शकलो नाही, ही माझ्या संगीतातली मुख्य अडचण होती.

जोडीचं नाव काय ठेवायचं यावर आमची इतकी भांडणं झाली की अल्बमवर नावाच्या जागी काहीच नाही. ऐकणाऱ्यांना ते फार गूढ वाटतं. गूढ कसलं, भांडण आहे ते.

आमची गाठ पडली तीही भांडणातच. माझं दुकान मोबाइलची कव्हरं, रिचार्ज आणि किरकोळ दुरुस्तीचं. मागच्या खोलीत एक लॅपटॉप, त्यावर फुकट मिळवलेलं संगीताचं सॉफ्टवेअर, आणि त्या जोरावर मी स्वतःला संगीतकार समजत असे. त्या दिवशी माझी एक रचना दुकानात लावून बसलो होतो. समुद्र, आत्मा, अनंत असलं काहीतरी तिचं इंग्रजी नाव होतं, ते आता आठवलं तरी मान खाली जाते. तो फोनचा स्पीकर फाटल्याची तक्रार घेऊन आला. अंगाला अमोनियाचा वास, कोपरापर्यंत पांढरी पावडर. काउंटरपाशी उभा राहून ऐकू लागला. नासलेली ताडी तोंडात घेतल्यासारखा चेहरा.

“हे कोणी केलं?”

“मी,” मी छाती काढून म्हणालो.

“ह्याच्यात पाय कठं ठेवायचा?”

“हे डोळे मिटून ऐकायचं असतं.”

“डोळे मिटलं न् पाय ठेवायला जागा नाय, तर माणूस पडंल ना, शेठ!”

आणि जागा कशी असते ते दाखवायला त्याने काउंटरवर तळहात ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोका धरला. तीनदा नीट बसला. चौथ्याला काच गेली. मी ओरडायच्या आत तोच ओरडला, “बघ! तुझी जमीनच किती पातळ हाय!”

काच मीच बदलली. तेव्हापासून मी त्याला दादा म्हणू लागलो आणि तो मला शेठ. दोन्ही शब्दांत आदर फारसा नव्हता.

तो कानाने ऐकायचा नाही, तळहाताने ऐकायचा. एसटीत ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनच्या झाकणावर हात टाकून बसायचा आणि डोळे अर्धे मिटून मान हलवायचा. एकदा त्याने ड्रायव्हरला सुनावलं की तू गिअर बदलताना ताल तोडतोस. ड्रायव्हरने आशागडला गाडी थांबवून त्याला ताल धरायला रस्त्यावर उतरवलं. हा पुढच्या गाडीने आला, आणि आल्या आल्या माझ्यावर चिडला, की तू त्या ड्रायव्हरच्या बाजूने का हसतोस.

समुद्राशीही त्याचं जमत नसे. ट्रान्स करणारा प्रत्येक नवशिका लाटांचा आवाज रेकॉर्ड करतो, तसा मीही करायला निघालो होतो. झाईच्या कोळीवाड्यात एका ओळखीच्याकडे गेलो, होड्यांच्या बाजूला फोन धरून बसलो. हा मागे येरझाऱ्या घालत होता. थोड्या वेळाने समुद्राकडेच तोंड करून ओरडला, “ह्या लाटेला टायमाचं भान नाय! एक लवकर, एक उशिरा, एक येतच नाय. आमच्याकडं असती तर खाडा मांडला असता!” जाळं विणत बसलेले दोघे मान वर करून बघू लागले. मी फोन बंद केला. रेकॉर्डिंगमध्ये लाटा कमी आणि समुद्राला भरलेला दम जास्त होता.

“मग कशाचा आवाज घ्यायचा, दादा?” मी वैतागून विचारलं.

“माझ्या मशीनचा.”

हे मशीन मी पहिल्यांदा पाहिलं ते कारखान्याच्या दारातून. बोर्डावर ओळीने लावलेले साचे, उलट्या नासपतीसारखे. बोर्ड खाली येतो, सगळे साचे एकदम रंगीत रबराच्या दुधात बुडतात, धप्प. वर येतात, हिस्स. साखळी पुढे ओढते, खट-खट-खट. ब्रश फिरून फुग्याच्या तोंडाची कड वळवतात, सर्रर्र. मग भट्टीचा पंखा, एकच लांब सूर, कधीच न संपणारा. आणि शेवटाला ओळीने बसलेल्या बाया पावडर लावलेल्या हातांनी साच्यांवरून फुगे उतरवतात, फट्, फट्, फट्. मी दारातच उभा राहिलो. जगभरचे लोक महागडी यंत्रं घेऊन जे बनवायला धडपडतात, ते इथे जत्रेतल्या पोरांसाठी आपोआप बनत होतं. तो मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवून माझ्याकडे बघत होता. त्या क्षणी तो चिडलेला नव्हता. मी तसा त्याला फार थोड्या वेळा पाहिलाय.

रेकॉर्डिंगला मी ऑफिसचा फोन दुरुस्त करायच्या नावाखाली आत शिरलो. माझा फोन काठीला बांधून रबराच्या दुधाच्या टाकीवर धरला, म्हणजे ‘धप्प’ अगदी जवळून मिळेल. मिळाला. इतका जवळून मिळाला की फोनच हिरव्या दुधात गेला. त्याने आकड्याने तो बाहेर काढला आणि काढता काढता माझ्या घराण्याचा जो उद्धार केला, तोही फोनने निमूटपणे टिपला. फोनवर हिरवी कातडी चढली होती. ती सोलून आतलं कार्ड काढलं तर सगळं शाबूत. आमच्या अल्बममधला पहिला ट्रॅक ‘ब्लुप्’ अशा आवाजाने संपतो आणि त्यामागे एक माणूस काहीतरी म्हणतो. अख्ख्या अल्बममधला तेवढाच मानवी आवाज. परदेशातल्या एका श्रोत्याने ती प्रार्थना आहे का, असं विचारलं होतं. मी हो म्हणालो.

दर गुरुवारी माझं दुकान बंद असतं. गुरुवारी दुपारी तो मागच्या खोलीत यायचा. मामाच्या वाडीतल्या चिकूच्या पेट्या तिथेच ठेवलेल्या, त्यांच्यावर स्पीकर. तो खुर्चीत बसायचा नाही. उभा राहायचा, अनवाणी, आणि मी काहीही जोडलं की पायांकडे बघायचा. पाय हलले तर ठेवायचं, नाही हलले तर काढायचं. माझी गोड सुरावट लागली की पाय दगडासारखे.

“अरे, चांगली आहे ती!” मी कळवळायचो.

“मला नको सांगू. ह्यांना सांग,” तो पायांकडे बोट दाखवायचा.

माणसाशी वाद घालता येतो. पायांशी काय घालणार? माझ्या सगळ्या आत्म्याच्या समुद्राचा तिथे गाळ झाला. पण एका गुरुवारी भट्टीच्या पंख्याचा तो लांब सूर मी ताणून ताणून धुरासारखा वर सोडला, खाली धप्प-हिस्स चालू ठेवलं, आणि बघतो तर माझेही पाय हलत होते. त्याने पेटीतला एक चिकू उचलून खाल्ला. ही त्याची शाबासकी.

अल्बम जवळजवळ झाला आणि तिकडे कारखाना बंद झाला. मालकाने सांगितलं, धंदा राज्याच्या हद्दीपलीकडे नेतोय, तिकडे नवं मशीन आहे, माणसं लागत नाहीत. जुनं मशीन गॅस कटरने कापून भंगारात घातलं. मी गेलो तेव्हा टेम्पो भरून फाटकातून निघत होता आणि हा टेम्पोच्या फळीवर तळहात ठेवून सोबत चालत होता.

“काका, हात काढा ना, चेपाल,” ड्रायव्हर म्हणाला.

“चेपू दे!” हा गरजला. “इतकं कापलंत, हात पण कापा!”

मग वळून मला म्हणाला, “शेठ, आता तुझ्या त्या डब्यात हाय तेवढंच राहिलं.” डबा म्हणजे लॅपटॉप. त्या रात्रीपासून मी डब्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. एक तर पेनड्राइव्हवर, बायकोच्या तांदळाच्या डब्यात, आणि ती तिने तांदळाबरोबर धुतली.

मग मुंबईचा माणूस आला. माझ्या फोनवरचा एक तुकडा कुठून तरी त्याच्यापर्यंत पोहोचला होता. त्याची संगीताची कंपनी होती, अंगात सुरकुत्या पडायलाच शिवलेला शर्ट. कडक ऊन, आंब्याला कैऱ्या लागलेल्या. मागच्या खोलीत चिकूच्या पेटीवर बसून त्याने अख्खा अल्बम ऐकला. डोळे मिटून. मी मनात म्हटलं, आपलं नशीब उघडलं.

“जबरदस्त आहे,” तो म्हणाला. “हे आपण काढू. सगळीकडे काढू. फक्त एक मिसिंग आहे.”

“काय?” मी पुढे सरकलो.

“तारपा.”

वारल्यांचा तारपा मुंबईलाही माहीत झालाय: भोपळा, बांबू, ताडाची पानं, आणि श्वास न तोडता घुमणारा सूर. वाजवणारा मध्ये, नाचणारे गोलात. सूर बदलला की गोल दिशा बदलतो.

“सायवनचे ना तुम्ही?” तो दादाकडे वळून म्हणाला. “घरात कोणी वाजवत असेलच.”

“आजा वाजवायचा.”

“परफेक्ट! ही तर स्टोरी आहे. कव्हरवर वारली चित्र, तुम्ही तारपा घेऊन, पारंपरिक कपड्यांत. तो सूर या बीटवर टाकू.”

आणि इथे मी माझ्या आयुष्यातल्या यादगार मूर्खपणांपैकी एक केला. मला नाही म्हणता येत नाही. गिऱ्हाइकाने ‘चंद्राचा चार्जर आहे का’ विचारलं तरी मी ‘मागवून देतो’ म्हणतो. मी म्हणालो, “होईल की. या आठवड्यात देतो रेकॉर्ड करून.”

दादाने आधी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ, तुझा नंबर नंतर.

“तारपा आत्ता वाजत नाय,” तो त्या माणसाला म्हणाला. आवाज अजून खाली होता.

“म्हणजे? बिघडलाय?”

“नवीन भात घरात आल्याबिगर तारपा वाजत नाय.”

“ओके. मग नवीन भात कधी येतं?”

“पेरल्यावर.”

“पण रेकॉर्डिंगला काय हरकत आहे? कोणाला कळणारे?”

झालं. खोलीतली हवा बदलली ते मला कळलं. मी चिकूच्या पेट्यांमागे सरकलो.

“तुमचा आजा काय करायचा?” दादाने विचारलं.

“आजोबा? वकील होते.”

“मग तुम्ही काळा कोट घालून का नाय आलात?”

तो माणूस हसला. हसायला नको होतं.

“हसू नका! तुम्हाला कोणी बोलतं का, की गाण्याच्या धंद्यात आलात तर आज्याचा कोट घाला, त्याशिवाय तुमचं ऐकणार नाय? माझा आजा तारपा वाजवायचा, त्याचं त्यानं वाजवलं. मी फुगे बनवले. अर्धं आयुष्य फुगे बनवले. हे माझं हाय, हे धप्प माझं हाय! तुम्हाला हा माणूस नको, तुम्हाला भिंतीवरचं चित्र पायजे. भिंतीवरचं चित्र पगार मागत नाय ना!”

“तुम्ही गैरसमज करून घेताय. लोकांना कनेक्ट व्हायला...”

“कनेक्शन ह्याच्याकडे करा,” तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हा रिचार्ज मारतो.” आणि निघून गेला.

मुंबईचा माणूस शांतपणे उठला, मला म्हणाला, “पावसाआधी कळवा. तारपा असेल तर आहे, नाही तर नाही.” जाताना मोबाइलचं एक कव्हर बघून गेला, घेतलं नाही.

आता मीही चिडलो होतो. खरा, मनापासून. मलाही काही हवं होतं ना! मोबाइलची कव्हरं विकून माझ्याही बोटांना घट्टे पडले होते. मी दुसऱ्या दिवशी सायवनला गेलो आणि त्याच्या अंगणात उभा राहून, आयुष्यात पहिल्यांदा, त्याच्यावर ओरडलो.

“तुझ्या रागापायी सगळं घालवलंस! चारदा फुंकर मारायला काय जात होतं तुझं?”

त्याची म्हातारी आई नागली पाखडत होती, ती थांबली. तो दारात आला.

“तुझा आजा काय करायचा?”

“सोड्याच्या बाटल्या भरायचा.”

“मग तू तोंडानं फस्स कर त्याच्या अल्बमात. मी तारपा देतो.”

म्हातारी हसली. मी नाही हसलो.

“मस्करी पुरे. कोण ऐकणार आहे आपलं हे? कोण?”

“माझी माणसं,” तो म्हणाला. “बहिणीच्या पोरीचं लगीन हाय आशागडला. तिथं वाजवू. कारखान्यातल्या सगळ्या बाया येणार. नाचले, तर आपलं जसं हाय तसं राहील. नाय नाचले, तर मी स्वतः तुझ्या त्या सुरकुतलेल्याला फोन करतो. तारपा देतो, भात आलं नसलं तरी देतो, तो बोलंल ते कपडे घालतो.”

आई म्हणाली, “असं नको बोलू रं.” तारप्याबद्दल अशी पैज लावायची नसते, एवढं मलाही कळत होतं. पण मी रागात होतो. मी म्हणालो, “ठरलं.”

लग्न दुपारचं होतं. हिरव्या फांद्यांचा मांडव, बाहेर टेम्पोवर आमचे स्पीकर. आत धवलेरी गात होती. वारल्यांचं लग्न ती लावते, गाऊन लावते, आणि तिचं गाणं तिला हवं तेवढं चालतं. ती गात होती तोवर दादाने स्पीकरला बोट लावलं नाही. नवीन सदरा घालून, उन्हात, हाताची घडी. मी वायर जोडताना उलटी जोडली आणि टेम्पोचा हॉर्न वाजवला, तेव्हा त्याने मला नुसत्या नजरेने खाल्लं.

गाणं संपलं, माणसं बाहेर आली, त्याने बटण दाबलं.

धप्प. हिस्स. खट-खट-खट.

जवान पोरं लगेच सरकली, खांद्याला खांदा लागला. मी सुटकेचा श्वास सोडला. आणि मग पाहिलं, की मांडवाच्या कडेला बायकांचा एक घोळका होता, तो थिजला होता. एकीने हातातली पत्रावळ खाली ठेवली. पोरांनी आया-आत्यांचे चेहरे पाहिले आणि त्यांचेही पाय थांबले. उन्हात नुसतं मशीन चालू राहिलं.

त्या घोळक्यातून एक बाई तरातरा आली. थोराड, नाकात मोठी चमकी. त्याच्याच पाळीत फुगे उतरवायची, मी तिला कारखान्यात पाहिलं होतं.

“ए बाबा! काय लावलंस हे?”

“वळख ना, आपलं हाय,” तो म्हणाला. अजून हसत होता.

“वळखलं म्हणून तर आले! ह्याच्यासाठी मी नवं लुगडं नेसले? कपाळ फुटलं का तुझं? आयुष्यभर ह्याच्या पुढं बसले, ते मेलं, भंगारात गेलं, मी देवाला नारळ दिला. न् तू लग्नात उठवून आणलंस?”

“अगं, ताल बघ त्याचा...”

“ताल तुला होता! तू पत्र्यावर हात ठेवून मान डोलवत होतास. आमचे हात चालत होते. पाणी प्यायला थांबत नव्हतं ते. एकीला जायचं असलं तर शेजारणीनं दोघींचे फुगे उतरवायचे, न् तोंडात येतील त्या शिव्या खायच्या. माझी बोटं बघ.” तिने दोन्ही हात त्याच्या तोंडासमोर धरले. “आता नाचवतोस त्याच्यावर?”

मी त्याच्याकडे पाहिलं. आता फुटेल, आता हिचीही काच जाणार. तो तिच्या बोटांकडे बघत होता. मग त्याने आपले तळहात पाठीमागे नेले. मी मनात म्हटलं, संपलं. तारपा. कपडे. फोन. मी पैज जिंकलो होतो, आणि टेम्पोमागे लपत होतो.

“बंद कर,” बाई म्हणाली.

त्याने बटण दाबलं.

एकदम शांतता झाली. कावळा ओरडला, कुठेतरी परात वाजली. बाई तशीच उभी राहिली. ती स्पीकरकडे बघत होती, मग त्याच्या बोटाकडे, मग परत स्पीकरकडे. कपाळावरची आठी हळूहळू बदलली.

“बंद झालं?” ती म्हणाली.

“झालं.”

“असंच? मी बोलले न् झालं?”

ती मागे वळली. “या गं. बसा.” बायका आल्या आणि टेम्पोसमोर, नवीन लुगड्यांनिशी, जमिनीवर बसल्या. “पाणी आण कोणीतरी.” कळशी आली, तांब्या आला. एकेक जण प्यायली. घाई नव्हती. एकीने पिऊन झाल्यावर पुन्हा मागितलं, तशा बाकीच्या फिसकन हसल्या. तो बटणावर बोट ठेवून उन्हात उभा. घाम डोळ्यांत जात होता, पुसत नव्हता.

“आता लाव,” बाई बसल्या जागेवरून म्हणाली.

धप्प. हिस्स.

“बंद!”

बंद. बायका पुन्हा हसल्या, या वेळी मोठ्याने. “लाव! बंद! लाव!” आता दुसऱ्याही ओरडू लागल्या. “हळू कर त्याला! अजून हळू! अय, मेलं का?” मी मागे लॅपटॉपवर ताल उतरवत होतो, चढवत होतो. मशीन त्यांच्या तोंडाकडे बघून चालत होतं. मग ती बाई गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर खोचला, आणि हवेतून एक न दिसणारा फुगा ओढून मागे भिरकावला, फट्! बाकीच्या उठल्या. गोल झाला. पोरं त्याच्यामागे. मध्येच कोणी ‘बंद’ म्हणालं की सगळा गोल जागच्या जागी उभा, पदराने वारा घेत, आणि पुन्हा हाक आली की चालू.

ती नाचली का? पैजेचं काय झालं? मी विचारलं नाही. तो टेम्पोच्या चाकाला टेकून बसला होता, चेहरा तापलेल्या भट्टीसारखा. मी शेजारी बसलो.

“काय झालं, दादा?”

“मशीनचं बटण माझ्याकडं होतं रे,” तो म्हणाला. “इतकी वर्षं. एकदा दाबलं असतं. पाणी प्यायला. मालक ओरडला असता, इतकंच झालं असतं!” आणि त्याने मुठीने टेम्पोच्या पत्र्यावर असा ठोसा मारला की टेम्पोवाला धावत आला. त्या दिवशी त्याचा राग पहिल्यांदा योग्य पत्त्यावर गेला असावा. मला त्याची फार भीती वाटली.

मुंबईला फोन कोणीच केला नाही. अल्बम आम्हीच इंटरनेटवर टाकला, तारप्याशिवाय, चित्राशिवाय. मात्र टाकायच्या आधी तो गुरुवारी आला, अनवाणी उभा राहिला आणि सगळ्यात लांब ट्रॅक त्याने मध्येच कापायला लावला. ठोका ऐन भरात आला की सगळं थांबतं. काहीच नाही. किती वेळ ठेवू विचारलं, तर म्हणाला, “सगळ्यांचं पिऊन होईस्तोवर.”

मी म्हटलं, “दादा, लोकांना वाटेल फाईल खराब आहे.”

तसंच झालं. लिहिणारे थोडे, पण जवळजवळ सगळ्यांची एकच तक्रार: मध्ये आवाज जातो. मी माझ्या सवयीने ‘दुरुस्त करून देतो’ असं उत्तर टाकणार होतो, त्याने फोन हिसकावून घेतला. तेव्हापासून उत्तरं तोच देतो, चिडून, एका बोटाने टाइप करत. परवा त्या सुरकुतलेल्या शर्टाचाही निरोप आला: ऐकलं, छान आहे, पण ती गॅप काढा.

त्यालाही इतरांना जातं तेच उत्तर गेलं.

‘मशीन बंद आहे. बाया पाणी पितात. थांब.’